बाहुली बोलते!

चेहऱ्यावरची माशीही न हलू देता तुम्ही घासाघीस करता. बॉससमोर 'नो प्रॉब्लेम सर' म्हणता. इंटरव्ह्यूत एकदम कूल बसता. पण डोळ्यांतलं ते छोटंसं काळं टिंब तुमचं ऐकत नाही. मनात ओढ निर्माण झाली की ते मोठं होतं आणि मनाने हात टेकले की लहान होतं. आणि मनाला जे हवं असतं, ते डोळ्यांना दिसतंही जरा वेगळंच!

समजा, लग्नसराईचे दिवस आहेत. जळगावचा सराफ बाजार फुललाय. पुण्यात आयटीत नोकरी करणारी एक मुलगी आईला घेऊन चेन बघायला आलीय. घरून निघतानाच आईने बजावलंय, "आवडली तरी तोंडावर दाखवू नकोस गं, घडणावळीत कमी करून घ्यायचंय." मखमली ट्रेमधून एकेक चेन बाहेर येते. मुलगी शहाण्यासारखी नाक मुरडते. "ठीक आहे... अजून दाखवा ना." पाचव्या चेनलाही ती 'ठीक आहे' म्हणते, पण काउंटरपलीकडचे काका ती चेन ट्रेमध्ये परत न ठेवता हळूच बाजूला काढून ठेवतात. "ताई, ही एकदा गळ्यात घालून तर बघा!"

काकांना कसं कळलं? हात जरा जास्त वेळ रेंगाळला असेल, आवाज बदलला असेल. पण शास्त्रज्ञांना विचाराल तर ते आणखी एक शक्यता सांगतील. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या असतील!

शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस यांनी १९६५ साली या विषयावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यात त्यांनी चिनी जेड-व्यापाऱ्यांचा दाखला दिला. जेड म्हणजे दागिन्यांत वापरला जाणारा हिरवट मौल्यवान दगड. हे व्यापारी म्हणे गिऱ्हाइकाच्या बाहुल्यांवर नजर ठेवायचे. बाहुली फुलली की समजायचं, दगड पसंत पडला, आता भाव सोडायचा नाही!

आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात हा खेळ वेगळ्या पद्धतीने चालतो. बैलाचा सौदा रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी होतो. आजूबाजूच्यांना भाव कळू नये म्हणून बोटं झाकली जातात. डोळ्यांवर मात्र रुमाल टाकता येत नाही.

बाहुली नाव कसं पडलं?

शब्दांच्या मुळाशी जाण्याचं वेड असलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. त्यामुळे खानदेशात बसून शब्दाची चौकशी केलीच पाहिजे! डोळ्यातल्या रंगीत गोल भागाला आपण बुबुळ म्हणतो आणि त्याच्या मधोमध असलेल्या काळ्या छिद्राला बाहुली. कुणाच्या डोळ्यांत अगदी जवळून बघा, तिथे तुमचीच इवलीशी प्रतिमा दिसेल, बाहुलीएवढी. गंमत म्हणजे लॅटिन भाषेतही याला 'प्युपिला' म्हणतात, म्हणजे छोटी मुलगी किंवा बाहुली. इंग्रजीतला 'प्युपिल' तिथूनच आला. दोन टोकांच्या भाषांना एकच गोष्ट सुचली!

बाहुलीचं मुख्य काम उजेडाचा नळ कमी-जास्त करणं. जळगाव स्टेशनला उतरून अजिंठ्याला गेलेल्यांना हे चांगलं ठाऊक असेल. रणरणत्या उन्हातून लेणीत पाऊल टाकलं की क्षणभर काहीच दिसत नाही. मग बाहुली उघडते, आतला पडदाही हळूहळू अंधाराला सरावतो आणि भिंतीवरचे चेहरे उमटू लागतात. बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणजे व्यास चौपट आणि आत येणाऱ्या उजेडाची वाट सोळापट!

हे सगळं बुबुळातले दोन स्नायू करतात. एक बाहुली आवळतो, दुसरा ताणून उघडतो. उघडणाऱ्या स्नायूची दोरी थेट आपल्या 'लढा किंवा पळा' वाल्या मज्जासंस्थेच्या हातात असते. मेंदूच्या देठात 'लोकस सेरुलिअस' नावाचा एक चिमुकला भाग आहे, नावाचा अर्थ 'निळा ठिपका'. काही महत्त्वाचं समोर आलं की तो मेंदूभर नॉरॲड्रेनलिन सोडतो, जणू ऑफिसातला 'सगळे मीटिंगला या' असा मेसेज! तो जागा झाला की बाहुलीही फुलते. म्हणून उजेड तोच असूनही फक्त मन बदललं तरी बाहुली बदलते.

पण हा बदल फार छोटा असतो बरं का. बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी.

बायकोने पकडलं!

या संशोधनाची सुरुवात एकदम फिल्मी आहे. हेस महाशय एका रात्री बिछान्यात प्राण्यांच्या सुंदर चित्रांचं पुस्तक चाळत होते. शेजारून बायको म्हणाली, दिवा कमी आहे वाटतं, तुमच्या बाहुल्या फारच मोठ्या दिसताहेत. दिवा तर लख्ख होता! हेसच्या डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी आपल्या सहायकाला एकेक चित्र दाखवलं. निसर्गदृश्यांमध्ये एक तरुणीचा फोटो मिसळला होता. तो येताच सहायकाच्या बाहुल्या फुलल्या. १९६० साली या प्रयोगांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

हेस यांनी पुढे एकाच तरुणीचे दोन फोटो पुरुषांना दाखवले. फरक एवढाच की, एकात तिच्या बाहुल्या रंगवून मोठ्या केल्या होत्या. बहुतेकांना फरक कळलाही नाही, पण मोठ्या बाहुल्यांच्या फोटोकडे बघताना त्यांच्या स्वतःच्या बाहुल्या जास्त फुलल्या. युरोपातल्या बायकांना हे शतकांपूर्वीच माहीत असावं. त्या डोळ्यांत 'बेलाडोना' या वनस्पतीचा रस घालत. इटालियनमध्ये बेलाडोना म्हणजे 'सुंदर स्त्री'. त्यातलं ॲट्रोपिन हे द्रव्य आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं. (प्रयोग करू नका. धोतरा जीवघेणा विषारी आहे.)

हेस मात्र एका ठिकाणी घाईत होते. त्यांचं म्हणणं होतं की आवडलं की बाहुली फुलते आणि नावडलं की आकसते. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की सुखद फोटो असो की भीतीदायक, मनाला हलवणारं काहीही समोर आलं की बाहुली फुलतेच. म्हणजे ती 'आवडलं' असं सांगत नाही. 'याने मला जागं केलं' एवढंच सांगते. इंटरव्ह्यूत तुमच्या बाहुल्या मोठ्या झाल्या तर ती नोकरीची ओढ असेल किंवा चक्क फाटलेली असेल!

मेहनतीचं मीटर

बाहुलीचं खरं कर्तृत्व पुढे आहे. मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो. तो न लिहिता लक्षात ठेवून तुम्ही लॅपटॉपवर टाकता. त्या दहा सेकंदांत तुमच्या डोळ्यांत काय होत असेल? १९६६ साली डॅनियल कानमन आणि जॅक्सन बीटी यांनी जवळपास हेच तपासलं. लोकांना एकेक आकडा ऐकवला. प्रत्येक आकड्यागणिक बाहुली थोडी थोडी मोठी होत गेली. मग आकडे परत म्हणायला सांगितले. प्रत्येक आकडा तोंडातून बाहेर पडला तशी बाहुली लहान होत गेली. जणू डोक्यावरचं ओझं एकेक करून उतरत होतं!

हे तेच कानमन, ज्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २०२४ मध्ये ते गेले. २०११ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी जुन्या प्रयोगांची एक मजा सांगितलीय. अवघड गणित सोडवणाऱ्याची बाहुली स्क्रीनवर मोठी दिसत असे. एखाद्याने मनातल्या मनात नाद सोडला की बाहुली लगेच आवरायची. शास्त्रज्ञ बाहेरून विचारत, आत्ता का थांबलात? समोरचा उडायचाच! आणखी एक निरीक्षण तर भारीच आहे. प्रयोगाच्या मधल्या वेळेत इकडच्या-तिकडच्या गप्पा मारणाऱ्या एका बाईंची बाहुली त्यांना जवळजवळ स्थिर दिसली. रोजच्या बोलण्यात आपण मेंदूला किती कमी राबवतो बघा.

मग पैसा दिला तर? नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात २००९ साली एक प्रयोग छापून आला. स्क्रीनवर नाणं दाखवलं, कधी १ सेंटचं, कधी ५० सेंटचं. नंतर आकडे लक्षात ठेवायचे, ते बरोबर आले तर नाणं तुमचं. काही वेळा नाणं इतक्या झटकन झाकलं गेलं की ते दिसल्याची जाणीवही होऊ नये. काम सोपं, म्हणजे तीनच आकडे असताना कोणतंही नाणं असलं तरी बाहुलीत फरक पडला नाही. पाच आकडे झाले तेव्हा मात्र मोठ्या नाण्यासाठी बाहुली जास्त फुलली. तीही नाणं नीट न दिसता!

अप्रेझलच्या दिवसांत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सोप्या कामावर बोनस लावला म्हणून कोणी जास्त जीव ओतत नाही. काम अवघड असेल आणि बक्षीस त्याच्या तोडीचं असेल, तेव्हाच आतला डायनॅमो फिरतो. मोटिव्हेशनचं भाषण ऐकून टाळ्या वाजवणं वेगळं आणि बाहुली फुलणं वेगळं!

ओढ असेल ते जवळ दिसतं

इथवर झालं मनाचं डोळ्यात उतरणं. आता उलटा प्रवास. ओढ असली की समोरचं दिसणंही बदलतं का?

पहिली पायरी साधी आहे. बाहुली म्हणजे कॅमेऱ्याचं ॲपर्चर. ते मोठं उघडलं की उजेड जास्त, अंधुक वस्तूही टिपली जाते, पण बारकावे जरा धूसर होतात. लहान ठेवलं की बारकावे धारदार. म्हणून सावध मनाची मोठी बाहुली कोपऱ्यातली अस्पष्ट हालचाल पकडायला बरी आणि सुईत दोरा ओवायला लहान बाहुली बरी, असं या विषयातल्या काही संशोधकांचं म्हणणं आहे.

दुसरी पायरी मनाची. जळगावचा मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, घशाला कोरड पडलेली आणि समोर रसवंती. ती किती लांब वाटेल? एमिली बाल्सेटिस आणि डेव्हिड डनिंग यांनी २०१० मध्ये असंच काहीसं तपासलं. खारवलेले बिस्किटासारखे पदार्थ खाऊन तहानलेल्यांना समोरची पाण्याची बाटली, तहान भागलेल्यांपेक्षा जवळ वाटली.

याच जोडीने २००६ साली आणखी मजेशीर प्रयोग केला होता. स्क्रीनवर क्षणभर एक आकृती दाखवली, इंग्रजीतलं 'बी' म्हणा किंवा १३ म्हणा, दोन्ही वाटेल अशी. अक्षर आलं तर मस्त संत्र्याचा ज्यूस, आकडा आला तर घाण वासाचं हिरवं पेय (किंवा याच्या उलट). बहुतेकांना तेच दिसलं, ज्याने त्यांना ज्यूस मिळणार होता!

हसू नका. आपणही क्रिकेट बघतोच की. आपल्या बॅट्समनच्या पॅडवर बॉल लागला की तो कायम लेगस्टंपच्या बाहेर असतो आणि त्यांच्याच्या लागला की प्लंब! १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या कॉलेजांचा धसमुसळा फुटबॉल सामना झाला. नंतर दोन्हीकडच्या पोरांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली. डार्टमथच्या टीमने केलेले फाउल प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथच्या पोरांपेक्षा दुपटीहून जास्त दिसले. फिल्म एक, डोळे दोन गटांचे.

आणि १९४७ चा तो नाण्यांचा प्रयोग. हार्वर्डच्या ब्रूनर आणि गुडमन यांनी दहा वर्षांच्या मुलांना नाण्यांचा आकार जुळवायला सांगितला. नाणी सगळ्यांनाच खऱ्यापेक्षा मोठी वाटली, पण गरीब घरच्या मुलांना जास्तच मोठी. पुढे हा प्रयोग पुन्हा करणाऱ्या सगळ्यांना तेवढा फरक सापडला नाही. तरी महिन्याच्या २८ तारखेला पाचशेची नोट आपल्याला कशी दिसते, ते आठवून बघा!

थांबा, एवढं सोपं नाही

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने निघालात की जवळच लळिंगचा किल्ला लागतो. रविवारी पाठीवर सॅक टाकून पायथ्याशी उभे राहा. सॅक जड असेल तर चढ जास्त उभा वाटतो, असं १९९९ साली अमेरिकेतल्या भल्ला आणि प्रॉफिट यांनी प्रयोगातून सांगितलं. मग २००९ मध्ये फ्रँक डर्गिन आणि सहकाऱ्यांनी त्यात मेख मारली. त्यांनी काहींना पटवून दिलं की सॅकमध्ये फक्त मोजमापाची यंत्रं आहेत. त्या लोकांना चढ जास्त उभा वाटलाच नाही! म्हणजे बाकीच्यांनी 'यांना काय उत्तर हवंय' याचा अंदाज घेऊन उत्तर दिलं होतं, डोळ्यांनी नव्हे.

२०१६ साली फायरस्टोन आणि शॉल यांनी तर सरळ आव्हान दिलं. इच्छेने दिसणं बदलतं असं सांगणाऱ्या बहुतेक प्रयोगांत नजर बदलत नाही, बदलतो तो आपला निष्कर्ष, आठवण किंवा लक्ष, असं त्यांचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही.

आपल्यासाठी मात्र यातून एक गोष्ट पक्की निघते. नजर बदलो की निकाल, हवं असलेल्या गोष्टीबद्दल आपण निःपक्ष साक्षीदार नसतो. बुकिंगला गेलेल्या फ्लॅटपासून स्टेशन 'अगदी जवळ' असतं, नव्या नोकरीच्या ऑफर लेटरमधली बॉण्डची ओळ दिसतच नाही. चूक डोळ्यांची नाही, ओढीची आहे.

अर्जुनाचा फंडा

हीच ओढ उपयोगी पडते का? पडते. खानदेशात पांडवांपैकी भीमाचा मान मोठा. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या परिसरात त्याने बकासुराला मारल्याची कथा सांगतात. पण आपल्या विषयाचा हिरो अर्जुन. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतंय? बाकीच्यांना झाड दिसलं, फांद्या दिसल्या, भाऊ दिसले. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा.

२०१४ मध्ये शाना कोल, मॅथ्यू रिचिओ आणि बाल्सेटिस यांनी हाच फंडा प्रयोगात उतरवला. पायांना वजनं बांधून लोकांना शेवटच्या खुणेपर्यंत चालायला लावलं. निम्म्यांना सांगितलं, नजर फक्त त्या खुणेवर ठेवा, जणू तिच्यावरच टॉर्च मारलाय. बाकीच्यांनी नेहमीसारखं इकडेतिकडे बघत जायचं. टॉर्चवाल्यांना अंतर कमी वाटलं, ते २३ टक्के वेगाने चालले आणि दमल्यासारखंही कमी वाटलं.

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत रात्री अकरापर्यंत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना हे वेगळं सांगायला नको. 'क्लास वन अधिकारी' हे झाड झालं, आजचं प्रकरण हा पक्ष्याचा डोळा. आणि 'पुण्याला सेटल व्हायचंय' हे जंगल!

चौकट : डोळसपणे वापरा

• खरेदीला जाताना बजेट घरीच कागदावर लिहा. वस्तू समोर आल्यावर मन आणि डोळे तिच्या बाजूने साक्ष देतात.

• सोबत असा माणूस न्या, ज्याला ती वस्तू नकोय. त्याचे डोळे तुमच्यापेक्षा खरे.

• समोरच्याच्या बाहुल्या बघून 'पटलं', 'खोटं बोलतोय' असले निष्कर्ष काढू नका. दिव्याच्या उजेडाने त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो.

• काम टाळावंसं वाटत असेल तर नजर पुढच्या एकाच टप्प्यावर ठेवा आणि तो टप्पा डोळ्यांना दिसेल असा निवडा.

• एक बाहुली अचानक दुसरीपेक्षा मोठी झाली आणि सोबत डोकेदुखी किंवा पापणी खाली आली, तर गुगल नको, ताबडतोब डॉक्टर गाठा.

सराफाच्या पलीकडे

मग आपल्या जळगावच्या काकांनी बाहुली वाचली होती का? खरं सांगायचं तर कठीण आहे. एक तर सराफाच्या दुकानातले झगझगीत दिवे बाहुलीला आवळून धरतात. दुसरं म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचं बुबुळ गडद तपकिरी, त्यात काळी बाहुली सहजासहजी वेगळी दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ इन्फ्रारेड कॅमेरा वापरतात. काकांनी वाचला असेल तो तिचा हात, मान आणि आईकडे टाकलेला चोरटा कटाक्ष.

पण जे काकांना दिसत नाही, ते यंत्राला दिसतं. जाहिरातवाल्यांना हेसच्या प्रयोगांत १९६० च्या दशकातच रस वाटला होता. आता डोळ्यांवर कॅमेरे रोखलेले हेडसेट बाजारात आलेत. उद्या तुम्ही अशाच एखाद्या हेडसेटमधून चेन बघाल, फ्लॅट बघाल, बाइक बघाल. 'अजून दाखवा' असं तोंडाने म्हणाल आणि बाहुली तेवढ्यात पुढच्याला सांगून मोकळी झालेली असेल. आईने शिकवलेली घासाघीस तिथे कामाला येणार नाही. म्हणून अशा यंत्रावर 'आय ॲग्री' दाबण्याआधी ते तुमच्या डोळ्यांतलं काय काय टिपतं, ते जरूर वाचा. पूर्ण वाचा. आणि तेही त्या वस्तूचा मोह पडायच्या आत!